गावातले माजी सैनिक : सत्काराच्या पुढे काय करता येईल?

पायवाट
नमस्कार. हा विषय बरेच दिवस डोक्यात घोळत होता, म्हणून धागा काढतोय.

२६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला बहुतेक गावांत माजी सैनिकांचा सत्कार होतो. शाल, श्रीफळ, एकत्र फोटो, पाहुण्यांचं भाषण. तो व्हावाच. ज्याने उमेदीची वर्षं सियाचीनच्या थंडीत आणि राजस्थानच्या वाळूत काढली, त्याच्यासाठी गावाने वर्षातून दोनदा उभं राहून टाळ्या वाजवल्या तर चांगलंच आहे. पण या कुटुंबांकडे जाणं-येणं वाढलं तसं लक्षात आलं की व्यासपीठावर येणारी माणसं हिंडती-फिरती, पेन्शन वेळेवर मिळणारी, चारचौघांत वावरणारी असतात. ज्यांना गावाची खरी गरज आहे त्यांची नावं यादीतच नसतात. नवरा जाऊन वीस-पंचवीस वर्षं झालेली बाई, जिला आपल्या पेन्शनमध्ये मध्यंतरी काय बदललं हे कोणी सांगितलेलंच नाही. किंवा १९६२-६५ च्या धामधुमीत भरती झालेला आणि पेन्शनची १५ वर्षं भरण्याआधीच घरी आलेला म्हातारा. गावातली तरणी पोरं तर त्याला माजी सैनिक म्हणून ओळखतही नाहीत.

आणखी एक. जवान पस्तिशी-चाळिशीच्या आसपास निवृत्त होतो. त्या वेळी मुलं शाळेत असतात, आईवडील थकलेले असतात, शेतीचे वाटे पडायचे असतात. फौजेत जितकी वर्षं काढली त्याच्या दुप्पट वर्षं तो पुढे गावात काढणार असतो. त्या वर्षांत गाव त्याच्या काय कामी येतं आणि तो गावाच्या काय कामी येतो, यावर आपण फारसं बोलत नाही.

माझं मत थोडक्यात सांगतो. गावाने आधी एक रजिस्टर करावं. गावातले सगळे माजी सैनिक, त्यांच्या पश्चात राहिलेल्या पत्नी, आईवडील, आणि प्रत्येक घरात कोणतं काम अडलंय याची नोंद. आणि ते रजिस्टर सांभाळायला दोन-तीन वाचणारी-लिहिणारी माणसं. सत्कार त्यानंतर.

तुमच्या गावात काय होतं, कशाचा उपयोग झाला, ते लिहा.

सिग्नलवाला
मी सिग्नल कोअरमधून हवालदार म्हणून निवृत्त झालो. गावात मात्र आम्हाला सगळ्यांनाच मेजर म्हणतात, असो.

पायवाट, तुम्ही बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत. माझ्याकडे आसपासची माणसं कागद घेऊन येतात, त्यावरून सांगतो. सगळ्यात जास्त अडचण हयातीच्या दाखल्याची. पूर्वी बँकेत जाऊन सही केली की भागायचं. आता बहुतेकांची पेन्शन 'स्पर्श' या संरक्षण खात्याच्या ऑनलाइन पेन्शन प्रणालीवर गेली आहे आणि वर्षातून एकदा ओळख पटवावीच लागते. ती राहिली की पेन्शन थांबते. म्हाताऱ्या माणसाला वाटतं सरकारने पेन्शन बंद केली. घरचे चार महिने बँकेत खेटे घालतात आणि शेवटी कळतं की दाखला राहिला होता. बोटांचे ठसे झिजलेले असतात, मशीन घेत नाही. त्यावर चेहरा दाखवून ओळख पटवायची सोय मोबाइलवर आहे. गावातला कोणीही पोरगा घरी जाऊन पाच-दहा मिनिटांत ते करू शकतो. रजिस्टरमध्ये 'हयातीचा दाखला कोणत्या महिन्यात' असा रकाना जरूर ठेवा.

दुसरी गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे. वयाची ८० वर्षं पूर्ण झाली की मूळ पेन्शनवर २० टक्के वाढ मिळते. ८५ ला ३० टक्के, ९० ला ४०, ९५ ला ५०, आणि शंभरी गाठली तर पेन्शन दुप्पट. कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्या बायकांनाही हे लागू आहे. पण त्यासाठी पीपीओमध्ये, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशात, जन्मतारीख असावी लागते. जुन्या पीपीओमध्ये जवानाची जन्मतारीख असते, बायकोची बऱ्याचदा नसते. त्यामुळे आजी पंच्याऐंशीच्या होतात आणि वाढ लागतच नाही. कोणी अडवलेलं नसतं. कागदावर एक तारीख नसते, एवढंच.

अबोली_फुले
सिग्नलवाला काका, तुमचा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला. त्यांच्या पीपीओत जन्मतारीख आहे का ते आज रात्री बघणार आहोत.

आमच्या घरी वेगळाच घोळ झाला होता. सासऱ्यांनी भरतीनंतर लग्न केलं, जवानांच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसला बायकोचं नाव कळवलं ते माहेरचं. लग्नात नाव बदललं, रेशनकार्डावर आणि पुढे आधारवर सासरचं नाव लागलं. सासरे होते तोवर कोणाला काही फरक पडला नाही. ते गेल्यावर कुटुंब निवृत्तिवेतनाचे कागद भरायला घेतले, तेव्हा पलीकडून विचारलं, ही बाई आणि ती बाई एकच कशावरून? त्या काळात घरात दुःख होतंच, वर हे. प्रतिज्ञापत्र, तहसीलचा दाखला, राजपत्रात नाव, मग पुन्हा रेकॉर्ड ऑफिसला. सासूबाई शाळेत गेलेल्या नाहीत. प्रत्येक ठिकाणी त्यांना अंगठा उठवताना बघून वाईट वाटायचं, कारण ज्या माणसाच्या नावावर हे सगळं चाललं होतं त्याने हयातीत एका अर्जात हे दुरुस्त केलं असतं.

म्हणून माझी विनंती आहे. जे हयात आहेत त्यांच्या घरी आधी जा. बायकोचं, मुलांचं नाव फौजेच्या कागदात कसं आहे आणि आधारवर कसं आहे, हे शेजारी शेजारी ठेवून बघा.

सिग्नलवाला
ताई, अगदी खरं. आमच्यात याला पार्ट टू ऑर्डर म्हणतात. लग्न, मूल, मूल गेलं, घटस्फोट, सगळ्याची नोंद तिथे पडते. नोकरीत असताना युनिटचा क्लार्क करतो. निवृत्तीनंतर रेकॉर्ड ऑफिसला लिहावं लागतं. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला. आपल्या माणसाचं रेकॉर्ड ऑफिस कुठलं हेही घरच्यांना ठाऊक नसतं. तेही रजिस्टरमध्ये हवं.

दिव्यांग मुलाचं नाव तर आवर्जून लावून घ्या. आईवडिलांच्या मागे त्याला आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. अवलंबून असलेल्या अविवाहित, विधवा किंवा घटस्फोटित मुलीलाही नियमात जागा आहे.

मोकळंरान
वाचतोय. फार उपयोगाचा धागा.

साधाप्रश्न
एक प्रश्न मनापासून विचारतो, कोणी वाईट वाटून घेऊ नका. गावात अंगणवाडी सेविका आहेत, ऊसतोडीला जाणारी कुटुंबं आहेत, कर्जात बुडालेले शेतकरी आहेत. सैनिकाला निदान पेन्शन आणि स्वस्तात सामान देणारं मिलिटरी कँटीन असतं. मग गावाने वेगळं रजिस्टर करून त्यांच्यासाठीच माणसं का नेमायची?

पायवाट
साधाप्रश्न, प्रश्न योग्य आहे आणि तो ग्रामसभेतही येणारच.

माझं उत्तर असं. सैनिकाने नोकरीत असताना गावापासून लांब राहायचं ठरलेलंच असतं. त्या काळात इथे जे जे घडतं त्यात तो नसतो. ग्रामसभा, सोसायटीची निवडणूक, भावकीतले वाटे, मुलाच्या शाळेतला प्रवेश. तो परत येतो तेव्हा तलाठ्याकडे कसं बोलायचं, कोणत्या योजनेचा अर्ज कुठे करायचा, हे त्याला गावात राहिलेल्या माणसाइतकं ठाऊक नसतं. आणि त्याच्या योजनांचं कार्यालय जिल्ह्याला. तालुक्याच्या कचेरीत त्याबद्दल विचारलं तर समोरच्याला माहिती नसते. ही दरी गावाने भरून काढायची आहे, आणि त्यात पैसा लागत नाही, माणसाचा वेळ लागतो. शिवाय सगळ्यांना पेन्शन असते हा समज बरोबर नाही. त्यावर कोणीतरी सविस्तर लिहा.

ऊसतोड कुटुंबांसाठीही असं रजिस्टर झालं तर मी पहिला येईन.

नोंदवही
सैनिक कल्याणाच्या कामाशी माझा नोकरीमुळे अनेक वर्षं संबंध आला, म्हणून लिहिते.

आधी थोडा इतिहास, कारण ही व्यवस्था कशासाठी उभी राहिली ते कळतं. पहिल्या महायुद्धात आपल्या भागातून प्रचंड भरती झाली. साताऱ्याजवळचं अपशिंगे आज अपशिंगे मिलिटरी म्हणूनच ओळखलं जातं. तिथल्या ४६ जणांनी त्या युद्धात प्राण दिले आणि त्यांच्या स्मरणाचा दगड गावात आहे. परतलेल्या सैनिकांचं आणि न परतलेल्यांच्या घरच्यांचं बघायला १९१९ मध्ये इंडियन सोल्जर्स बोर्ड स्थापन झालं. आजचं केंद्रीय सैनिक बोर्ड त्यातूनच आलं. त्याच्या खाली राज्याचा सैनिक कल्याण विभाग, पुण्याला, आणि जिल्ह्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. तिथल्या अधिकाऱ्यांच्या हाताखाली कल्याण संघटक असतात, ते तालुक्यांत फिरतात. तुमच्या तालुक्याला कल्याण संघटक कोणत्या दिवशी येतात हे विचारून घ्या. ही एक गोष्ट कळली तरी निम्म्या लोकांचा जिल्ह्याचा फेरा वाचतो.

आता पेन्शन नसलेल्यांबद्दल. जवानाला पेन्शन मिळायला १५ वर्षं सेवा लागते. त्याआधी सन्मानाने सेवामुक्त झालेले अनेक जण आहेत. ते किंवा त्यांच्या पत्नी ६५ वर्षांच्या पुढे असतील, हुद्दा हवालदारापर्यंतचा असेल आणि नियमित उत्पन्न नसेल, तर संरक्षण मंत्र्यांच्या माजी सैनिक कल्याण निधीतून दरमहा अनुदान मिळतं. ते बरीच वर्षं ४,००० रुपये होतं, २०२५ मध्ये ८,००० केलं. त्याच वेळी मुलांच्या शिक्षणाचं अनुदान दरमहा १,००० वरून २,००० झालं, दोन मुलांपर्यंत, पहिलीपासून पदवीपर्यंत. मुलीच्या लग्नासाठीचं ५०,००० वरून १ लाख. अर्ज केंद्रीय सैनिक बोर्डाच्या संकेतस्थळावर भरायचा असतो आणि तो जिल्हा कार्यालयामार्फत पुढे जातो.

अट अशी, माणसाकडे डिस्चार्ज बुक, म्हणजे सेवामुक्तीच्या वेळी मिळालेली नोंदपुस्तिका, हवं आणि माजी सैनिकाचं ओळखपत्र काढलेलं हवं. साठ वर्षांपूर्वीचं डिस्चार्ज बुक पत्र्याच्या पेटीत कसर लागून पडलेलं असतं. घरच्यांना ते रद्दी वाटतं. ते शोधा, त्याच्या प्रती काढा, मूळ जपून ठेवा.

ध्वजदिन निधीबद्दलही सांगते. ७ डिसेंबरला शाळेत, कचेऱ्यांत छोटे ध्वज देऊन निधी गोळा करतात. १९४९ पासून ही प्रथा आहे. अनेकांना तो पैसा कुठे जातो हे ठाऊक नसतं. तो या कुटुंबांच्या मदतीसाठीच असतो. मुलांना ध्वज देताना हे सांगितलं तर त्या दिवसाला अर्थ येतो.

मोकळंरान
घरपट्टी माफ असते ना माजी सैनिकांना?

नोंदवही
हो. २०२० मध्ये राज्य सरकारने बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाने ही योजना काढली. ग्रामपंचायत असो वा नगरपालिका, माजी सैनिक किंवा त्यांच्या पत्नीच्या नावावरच्या एका राहत्या घराला माफी मिळते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला जोडावा लागतो. ग्रामसेवकांना आधी शासन निर्णयाची प्रत दाखवा, म्हणजे वाद होत नाही.

शुश्रूषा
मी परिचारिका आहे. आरोग्याचं कोणीच बोललं नाही, म्हणून.

ईसीएचएस ही माजी सैनिकांची आरोग्य योजना १ एप्रिल २००३ पासून आहे. पेन्शनधारक, पत्नी, अवलंबून असलेले आईवडील आणि मुलं त्यात येतात. पण योजनेचा दवाखाना, म्हणजे पॉलिक्लिनिक, जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा मोठ्या गावी. तिथून चिठ्ठी घेतल्याशिवाय पॅनेलवरच्या रुग्णालयात सहसा जाता येत नाही. थकलेल्या माणसाला गुडघे दुखत असताना एसटीने जायचं, रांगेत बसायचं, दुसऱ्या दिवशी चिठ्ठी घेऊन भलतीकडे जायचं. बरेच जण हा त्रास नको म्हणून जातच नाहीत आणि दुखणं अंगावर काढतात. गावातून महिन्यातला एक दिवस ठरवून एका गाडीतून चार-पाच जणांना नेलं तर फार फरक पडतो. आमच्या भागात हे सुरू झालं आणि वर्षानुवर्षं तपासणी न केलेल्या बायका पहिल्यांदा गेल्या. दोघींना मधुमेह निघाला.

तातडीच्या वेळी चिठ्ठी लागत नाही हे मात्र सगळ्यांना सांगून ठेवा. हृदयविकाराचा झटका आला तर जवळच्या रुग्णालयात न्यायचं, आणि ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवायचं. हा निरोप न गेल्यामुळे पुढे बिलं अडकतात.

मनाचंही लिहायला हवं. झोप न लागणं, अचानक संताप, कोणाशी न बोलणं, दारू. घरच्यांना वाटतं, फौजी माणूस आहे, कडकच असणार. तो स्वतः कधी सांगणार नाही, कारण आयुष्यभर सहन करायलाच शिकलाय. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास फुकट बोलता येतं, मराठीतही. सैन्यदलातल्या लोकांसाठी पुण्याच्या एएफएमसी या सैन्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात २०२३ मध्ये त्याचा वेगळा कक्षही झाला. पण फोनच्याही आधी कोणीतरी त्यांच्या ओट्यावर नियमित जाऊन बसायला हवं. शक्यतो दुसरा माजी सैनिकच. ते एकमेकांशी जे बोलतात ते आपल्याशी बोलत नाहीत.

जुनीवाट
सुभेदार म्हणून निवृत्त. कारगिलच्या वेळी सेवेत होतो, त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

मी सत्काराला जायचं बंद केलं आहे. राग म्हणून नव्हे. तिथे आमच्यासोबत ज्यांनी जीव दिला त्यांची नावं घाईघाईत वाचतात, कधी चुकीची वाचतात, आणि मग राजकीय भाषण सुरू होतं. मला ते बघवत नाही. शुश्रूषा ताईंनी लिहिलं ते वाचून मात्र बरं वाटलं.

गावाला सांगायचं तर एवढंच. ज्यांनी प्राण दिले त्यांची नावं, त्यांची पलटण, ते कुठे आणि कोणत्या साली गेले, हे नीट तपासून लिहा. हुद्दासुद्धा. नाईक असेल तर नाईक लिहा, शिपाई असेल तर शिपाई. घरच्यांना विचारा. त्यांच्या आईला, बायकोला ध्वजारोहणाचा मान द्या. अनेक गावं आता देतात, चांगलं आहे. आणि त्या दिवसानंतरही त्यांच्या घरी जा. वर्षश्राद्धाला माणसं येतात, दहाव्या वर्षी कोणी येत नाही.

आणि आम्हाला काम द्या. मला नकाशा वाचता येतो, वायरलेस येतं, शंभर माणसांची व्यवस्था लावता येते, पूर आला तर दोर कुठे बांधायचा ते कळतं. गावाच्या आपत्ती व्यवस्थापन समितीत आमच्यातला एकही माणूस नाही. आम्ही मागायला येणार नाही. बोलवावं लागेल.

पायवाट
सुभेदार साहेब, तुम्ही लिहिलंत याबद्दल आभार. नावांच्या यादीचं काम रजिस्टरच्या पहिल्या पानावर असेल.

धावपट्टी
मी भरतीची तयारी करणाऱ्या पोरांसाठी मैदान चालवतो. इथे शिकवणारे दोघे माजी सैनिक आहेत. सुभेदार साहेब म्हणाले ते पटतं. ही माणसं पोरांना नुसतं पळायला शिकवत नाहीत. पहाटे साडेचारला मैदानावर हजर राहायचं म्हणजे काय असतं, ते पोरांना त्यांच्याकडे बघून कळतं.

नोकरीबद्दल चार गोष्टी. केंद्राच्या गट क पदांत माजी सैनिकांना १० टक्के आणि पूर्वीच्या गट ड मध्ये २० टक्के जागा आहेत. सरकारी बँकांत लिपिकासाठी साडेचौदा टक्के. महाराष्ट्र शासनाच्या गट क आणि ड मध्ये १५ टक्के. वयातून सेवेची वर्षं वजा होतात आणि वर तीन वर्षांची सूट. दहावी शिकलेल्या माणसाची १५ वर्षं सेवा झाली असेल तर पदवी मागणाऱ्या काही गट क पदांनाही तो अर्ज करू शकतो. हे माहीत नसल्यामुळे माणसं सरळ सुरक्षारक्षकाच्या नोकरीला लागतात. त्या कामाला कमी लेखत नाही, पण ज्याने पंधरा वर्षं संदेशयंत्रणा किंवा रणगाड्याचं इंजिन सांभाळलं त्याने फक्त गेटवर का उभं राहावं? जागा राखीव असतात आणि अर्जच कमी येतात, परीक्षेत गुण कमी पडतात. गावातल्या अभ्यासिकेत त्यांच्यासाठी संध्याकाळचे दोन तास आणि गणित-इंग्रजी शिकवणारा एखादा शिक्षक मिळाला तर निकाल बदलेल.

आता माझी खरी काळजी. अग्निवीर, म्हणजे चार वर्षांसाठी सैन्यात भरती झालेली पोरं. योजना जून २०२२ मध्ये जाहीर झाली, पहिल्या तुकड्या त्या वर्षाच्या शेवटी प्रशिक्षणाला गेल्या. चार वर्षं झाली की चारातला एक सैन्यात राहणार, तिघे घरी. हातात सेवानिधीचे, म्हणजे सेवा संपताना मिळणाऱ्या एकरकमी पैशाचे, सुमारे ११ लाख ७१ हजार, वय बावीस ते पंचवीस, पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही. योजना बरोबर की चूक यावर इथे वाद नको, त्यासाठी वेगळे धागे आहेत. पोरं तर आपलीच आहेत. ती परत येतील तेव्हा पहिल्या महिन्यात त्यांच्याभोवती कोण असेल? जमिनीचा दलाल, नव्या गाडीचा शोरूमवाला, शेअरबाजारात दुप्पट करून देतो म्हणणारा मित्र. त्या आधी गावातला शहाणा माणूस त्यांच्याजवळ बसायला हवा. दहावीवर गेलेल्यांना सेवेत असताना एनआयओएस या मुक्त विद्यालयातून बारावीची सोय आहे, ती पूर्ण केली का ते विचारा. केंद्रीय पोलीस दलांत त्यांच्यासाठी जागा आहेत, त्याची तयारी परत यायच्या आधीपासून करून घ्या.

पायवाट, रजिस्टरमध्ये अग्निवीरांचं वेगळं पान करा. नियमात ते माजी सैनिक नसतील, गावाच्या वहीत असू देत.

साधाप्रश्न
माझ्या शंकेचं उत्तर मिळालं. अग्निवीरांचं पान मी भरतो, आमच्या वाडीतली तीन पोरं गेलेली आहेत.

बांधावरून
जमिनीचं राहिलं. फौजीच्या घरातली निम्मी भांडणं बांधाची आणि वाटणीची असतात. तो लडाखला असताना इकडे दावा दाखल होतो, तारखा पडतात, बायको एकटी कोर्टात उभी राहते. १९२५ चा एक कायदा आहे, भारतीय सैनिक (खटले) अधिनियम. सैनिक युद्धाच्या किंवा तशा खडतर ठिकाणच्या सेवेवर असेल आणि हजर राहू शकत नसेल, तर त्याच्या पाठीमागे एकतर्फी निकाल लागू नये म्हणून कोर्ट दावा थांबवू शकतं. युनिटच्या अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र लागतं. तालुक्याच्या ठिकाणी काही वकिलांनाही हा कायदा आठवत नाही.

२०२५ च्या कारगिल विजय दिनाला, २६ जुलैला, राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने वीर परिवार सहाय्यता योजना सुरू केली. सैनिक बोर्डांच्या कार्यालयांतच मोफत कायदेशीर मदत मिळावी असा हेतू आहे. आपल्या जिल्ह्यात कक्ष सुरू झाला का, हे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विचारा.

शुश्रूषा
अपंगत्व आलेल्यांबद्दल लिहायचं राहिलं होतं. पुण्यात १९४४ पासून कृत्रिम अवयव केंद्र आहे, खडकीला १९७४ पासून कमरेखाली लुळे झालेल्या जवानांसाठी पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे, आणि क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट तर १९१७ पासून जखमी जवानांना हाताला काम शिकवतंय. मुरलीकांत पेटकर आपल्या सांगली जिल्ह्यातले. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचं अंग गेलं, आणि १९७२ च्या हायडलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक आणलं. त्यांना पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. मधली शेहेचाळीस वर्षं किती लोकांना त्यांचं नाव माहीत होतं? गावात चाकाच्या खुर्चीत बसलेला एखादा जवान असेल तर त्याची गोष्ट आताच विचारा. आणि ग्रामपंचायतीच्या दाराशी उतार आहे का, तेही बघा. त्याला आत येता येत नसेल तर सत्कार कुठे करणार?

मोकळंरान
बीएसएफ, सीआरपीएफवाले यात धरायचे का? माझा भाऊ सीआरपीएफमधून आला.

नोंदवही
ते गृहमंत्रालयाकडे येतात, म्हणून सैनिक बोर्डाच्या बहुतेक योजना त्यांना लागू नाहीत. त्यांच्यासाठी कल्याण आणि पुनर्वसन मंडळ वेगळं आहे. गावाच्या वहीत मात्र जरूर धरा, शेजारी दल लिहा, म्हणजे त्यांना चुकीच्या कार्यालयात पाठवलं जाणार नाही. नौदल आणि हवाईदलातले तर असतातच, त्यांचीही नावं सुटतात.

पायवाट
सगळ्यांचे प्रतिसाद उतरवून घेतले. गावात आम्ही असं ठरवतोय. रजिस्टर वहीतच ठेवायचं. व्हॉट्सअॅपवर पीपीओ नंबर, आधार, बँक खातं यातलं काहीही टाकायचं नाही. हयातीचा दाखला करून देतो म्हणून फोन करून ओटीपी मागणारे चोर वाढलेत, आणि एकट्या राहणाऱ्या बायका त्यात सापडतात. 'फोनवर कोणी काही मागितलं तर आधी या तिघांपैकी एकाला विचारा' असं मोठ्या अक्षरात लिहून प्रत्येक घरात भिंतीवर लावणार आहोत.

वहीसाठी नेमलेल्यांत एक बाई हवीच. विधवांच्या घरी जाऊन कागद बघायचे म्हणजे बाईमाणसाशीच मोकळं बोलणं होतं. सिग्नलवाला साहेब, तुम्ही एखाद्या रविवारी येऊन पीपीओ कसा वाचायचा ते आमच्या पोरांना शिकवाल का? प्रवासाची व्यवस्था आम्ही करू.

सिग्नलवाला
येतो. प्रवासाचं राहू द्या. प्रत्येकाने घरातल्या पीपीओची एक प्रत आणावी, नंबर झाकून चालेल. कुटुंब निवृत्तिवेतनाचा दर कधी बदलतो तेही समजावतो. निवृत्तीनंतर जवान वारला तर पहिली सात वर्षं, किंवा तो ६७ वर्षांचा झाला असता तोपर्यंत, यातलं जे आधी येईल तितके दिवस वाढीव दर असतो. मग शेवटच्या मूळ वेतनाच्या ३० टक्क्यांवर येतो. बायकांना वाटतं कोणीतरी पैसे कापले.

अबोली_फुले
पीपीओ सापडला. सासूबाईंच्या जन्मतारखेच्या जागी खरंच काही नाही. त्या ८२ वर्षांच्या आहेत. शाळेचा दाखला नाहीये, मग पुरावा काय द्यायचा?

सिग्नलवाला
ताई, शाळेचा दाखला नसेल तर पॅन, आधार, मतदार ओळखपत्र यातलं चालतं. तिन्हींवर तारीख एकच आहे ना ते आधी बघा. आधारवर नुसतं साल असेल तर आधी ते दुरुस्त करून घ्या. मग 'स्पर्श'वर दुरुस्तीची विनंती टाकायची आणि कागद जोडायचे. विनंतीचा क्रमांक लिहून ठेवा. मंजूर झालं की ८० पूर्ण झाल्या त्या महिन्यापासूनची थकबाकी मागा, आपणहून कोणी काढेल असं धरून बसू नका. अडलं तर कागदांचे फोटो इथे टाकू नका, मला निरोपातून कळवा, मी फोन करतो.